मॅरेथॉनच्या तयारीत रोजची मल्टिव्हिटॅमिन: पुरते का, आणि घ्यायची कधी?

पहाटे_पाच

जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन आहे. सध्या आठवड्याला ६५ ते ७० किमी, रविवारी लांब पल्ला. स्त्री, वय ३८, वजन ५४ किलो. शाकाहारी, अंडंही नाही. दूध-दही मिळून रोज अर्धा लिटर. हिमोग्लोबिन ११.९, बाकी काही तपासलेलं नाही.

औषधाच्या दुकानातून मल्टिव्हिटॅमिन आणली आहे. एका गोळीत: ए ६०० मायक्रोग्रॅम, सी ४० मिग्रॅ, डी३ ४०० आययू, ई १० मिग्रॅ, बी६ २ मिग्रॅ, बी१२ १ मायक्रोग्रॅम, फोलिक अ‍ॅसिड २०० मायक्रोग्रॅम, लोह १० मिग्रॅ, जस्त १२ मिग्रॅ, मॅग्नेशियम ३० मिग्रॅ, कॅल्शियम ७५ मिग्रॅ, शिवाय जिनसेंग. पळून आल्यावर सातच्या चहा-पोह्यांबरोबर घेते.

प्रश्न: एवढी गोळी पुरते का? लांब पल्ल्याच्या आठवड्यात दोन घेतल्या तर चालतील का? आणि ३० किमीनंतर पोटऱ्यांत गोळे येतात, ते थांबायला यातलं काही वाढवावं का?

---

लेबलवाचक

दोन गोळ्या नकोत. कारण लेबलातच आहे.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशींशी ताडून पाहा. तुमच्या वयाच्या स्त्रीला दिवसाला लोह २९ मिग्रॅ, जस्त १३.२ मिग्रॅ, मॅग्नेशियम ३७० मिग्रॅ, कॅल्शियम १००० मिग्रॅ, बी१२ २.२ मायक्रोग्रॅम, डी ६०० आययू लागतं. गोळीत जस्त जवळजवळ पूर्ण, ए पाऊणएक. मॅग्नेशियम ८ टक्के, कॅल्शियम साडेसात टक्के, म्हणजे लेबलावर नाव यावं एवढ्यापुरतंच. नेहमीचं भाजी-वरण-भाकरी-दूध खाणाऱ्या पळणाऱ्या माणसाला ए, ई, बी१, बी२ यांची चणचण सहसा नसते. चणचण असते ती लोह, डी आणि शाकाहाऱ्यांत बी१२ ची, आणि तिथेच गोळीचा हात आखडता आहे. दोन घेतल्या तरी लोह २० वरच अडकणार, ए मात्र १२०० मायक्रोग्रॅम. वरची मर्यादा ३००० असली तरी ए यकृतात साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. गरोदर राहण्याची शक्यता असेल तर त्याच्याशी उगाच खेळू नये.

बी१२ चं गणित वेगळं आहे. आतड्यातली शोषणाची मुख्य वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमला भरते. त्यापुढचं बी१२ नुसतं झिरपून आत जातं, तेही जेमतेम १ टक्का. म्हणून १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून अंगी लागतं ते दहा-बारा मायक्रोग्रॅम. आकडा डोळे विस्फारायला लावतो, पण तो अतिरेक नाही. तुमच्या अर्ध्या लिटर दुधा-दह्यातून २ च्या आसपास मिळतं, म्हणजे कागदावर जमतं. कमतरता एकदा पडली की मात्र १ मायक्रोग्रॅमने ती भरत नाही. रक्तातलं बी१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर रोज १००० मायक्रोग्रॅम, दोन-तीन महिने, आणि मग पुन्हा तपासणी. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल तर गोळीवर न थांबता इंजेक्शनसाठी डॉक्टर गाठा. २०० ते ३०० च्या मधे असेल तर होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) बघा. आणि बी१२ न तपासता नुसतं फोलिक अ‍ॅसिड वाढवू नका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी किंवा मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी निघण्याची शक्यता आणखी वाढते. स्पिरुलिनातलं (शेवाळाची पूड) ‘बी१२’ मोजू नका, त्यातलं बरंचसं माणसाच्या शरीराला वापरता येत नाही.

डी: पहाटे पाचला पळणाऱ्याला ऊन मिळतं हा गैरसमज. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच येतात. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा. तपासणीत २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर आपल्याकडे ६०,००० आययू आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, असं देतात. नंतर बहुधा महिन्याला एक. तीच पुडी ‘रोज एक’ समजून घेतली जाते, आणि मग रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मूत्रपिंडावर ताण अशी रांग लागते. ती जेवणाबरोबर घ्या, वरणभातावर तूप असेल त्या वेळी. उपाशीपोटी नको.

लेबलाचा आणखी एक चकवा म्हणजे क्षाराचं वजन आणि धातूचं वजन. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिग्रॅ’ असेल तर त्यात जस्त साधारण २२.५ मिग्रॅ. ‘कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ’ म्हणजे कॅल्शियम २०० मिग्रॅ. दोन डब्यांची तुलना करताना हे आधी सोडवून घ्या.

---

फेरिटिन_३५

वरचं बरोबर आहे, पण तुमच्या बाबतीत पहिला विषय लोहाचाच. गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खालचं हिमोग्लोबिन रक्तक्षयात धरतात. ११.९ हा सीमेवरचा आकडा, आणि लांब पल्ल्याच्या सरावात रक्तातलं पाणी वाढून हिमोग्लोबिन थोडं पातळ दिसतं हेही खरं. म्हणून फेरिटिनशिवाय (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) निर्णय घेऊ नका.

पळणाऱ्यांत लोह गळण्याच्या वाटा अनेक: घाम, पाऊल आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी, लांब पल्ल्यात आतड्याला रक्त कमी मिळाल्याने होणारा सूक्ष्म रक्तस्राव, पाळी. वेदनाशामक गोळी खाऊन पळणाऱ्यांत आतड्यातला रक्तस्राव वाढतो. ती सवय असेल तर आधी ती बंद. वर आपल्या भाकरी-चपाती-डाळीच्या जेवणातलं लोह मुळात कमी शोषलं जातं.

तपासणी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी), बी१२, २५-हायड्रॉक्सी डी (ड जीवनसत्त्वाची पातळी). सकाळी, विश्रांतीच्या दिवसानंतर. रविवारी २८ किमी करून सोमवारी रक्त दिलं तर फेरिटिन फुगलेलं येतं, कारण सूज आली की ते वाढतंच. सीआरपी चढलेलं असेल तर त्या फेरिटिनवर विसंबू नका. सर्दी-तापानंतरही दोन आठवडे थांबा.

फेरिटिन ३० ते ३५ च्या खाली असेल तर साठा रिकामा समजा, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी. तेव्हा मल्टिव्हिटॅमिनमधल्या १० मिग्रॅचा उपयोग नाही. डॉक्टर बहुधा ६० ते १०० मिग्रॅ धातुरूप लोहाची गोळी देतात. ती एक दिवसाआड घेतलेली बरी. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचे २४ तास आतड्याचं दार अर्धं लावून ठेवतं. रोज घेतलं की दुसऱ्या दिवशीचा डोस अर्ध्या लावलेल्या दारावर जाऊन आदळतो. शोषण घटतं, आणि न शोषलेलं लोह पोटात राहून मळमळ, बद्धकोष्ठ करतं.

पळण्यानेही हेच हेप्सिडिन वाढतं, पण लगेच नाही; ३ ते ६ तासांनी शिखर गाठतं. त्यामुळे पळून आल्यावरचा पहिला अर्धा तास उत्तम. तुमची वेळ योग्य आहे, जोड चुकीची आहे. चहा! चहातल्या टॅनिनने लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. गोळी अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, तासाभराने चहा. पोह्यांवर लिंबू पिळून खा, तेवढाच फायदा. उपाशीपोटी मळमळत असेल तर एखादं फळ चालेल. दूध, दही, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. थायरॉइडची गोळी असेल तर लोह-कॅल्शियमपासून ४ तासांचं अंतर हवं.

एक महत्त्वाचं. सीबीसीत एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) बराच कमी (७० च्या घरात किंवा खाली), तांबड्या पेशींची संख्या जास्त, आणि फेरिटिन मात्र व्यवस्थित, असं दिसलं तर लोह सुरू करू नका. आपल्याकडे थॅलेसेमियाचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहक कमी नाहीत, सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजांत प्रमाण अधिक. आधी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी करा. वाहकाचं हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढत नाही, लोह मात्र साचतं.

हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी: फेरिटिन न बघता ‘स्टॅमिना’ म्हणून लोह घेऊ नका. शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाट नाही.

---

सहाशे_बीआरएम

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल: मॅग्नेशियम वाढवून खेळाडूंचे गोळे थांबतात याला भक्कम आधार नाही. ३० किमीनंतर येणारे गोळे बहुतेक वेळा स्नायू थकल्याचे असतात, म्हणजे सवयीपेक्षा वेगाने पळाल्याचे. लांब पल्ल्यात शेवटचे ८-१० किमी शर्यतीच्या वेगाने पळून बघा आणि चढाचा सराव वाढवा. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या मोठ्या गोळीने गोळे थांबोत न थांबोत, जुलाब नक्की होतात. आदल्या रात्री घेतली तर पहाटे रांगेत उभं राहायचं, आणि ती रांग स्टार्ट लाइनची नसते.

मीठ हा वेगळा खाना. मल्टिव्हिटॅमिनमध्ये सोडियम जवळजवळ नसतं. प्रमाणित ओआरएसच्या पुडीत एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. मुंबईच्या दमटपणात लांब पल्ल्याला ते चालतं. पुडी अख्ख्या लिटरमध्येच. अर्ध्या लिटरमध्ये घोळली की मळमळतं. आणि तहानेपेक्षा जास्त पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरण्याचं मुख्य कारण तेच.

सी आणि ई बद्दल मत स्पष्ट सांगतो: गोळीतलं ४० मिग्रॅ सी निरुपद्रवी आहे. पण लोक वर १००० मिग्रॅची फेसाळणारी गोळी आणि ४०० आययू ई रोज घेतात, ते सरावाच्या काळात तोट्याचं. सरावाने पेशींत जो ताण येतो, तोच नवी मायटोकाँड्रिया (पेशींची ऊर्जाकेंद्रं) बनवायचा निरोप असतो. अँटिऑक्सिडंटचा मारा तो निरोप दाबतो. कामगिरी हटकून ढासळते असं नाही, पण पेशींतला बदल मंदावल्याचं मोजलं गेलं आहे. घाम गाळून मिळवायचं आणि गोळीने पुसायचं, कशाला?

लघवीचं एक. गोळीत बी२ असेल तर ती गडद पिवळी होते. रंगावरून पाणी पुरतं का हे ठरवत असाल तर गोळीनंतरचे काही तास तो हिशेब धरू नका. सकाळचा पहिला रंग बघा.

---

लेबलवाचक

सी वर थोडा आक्षेप. मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि अतिथंडीत कवायत करणारे सैनिक, अशा कडक शारीरिक ताणाखालच्या लोकांवरच्या पाच चाचण्या एकत्र केल्या तेव्हा सी घेणाऱ्यांत सर्दीचं प्रमाण सुमारे निम्मं निघालं. सामान्य लोकांत हा फायदा दिसत नाही. म्हणून शर्यतीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, सराव उतरवत आणल्यावर, दिवसाला २००-२५० मिग्रॅ घेण्यात मला गैर वाटत नाही. तेव्हा पुसायला नवं फारसं काही चाललेलंही नसतं. वर्षभर १००० मिग्रॅ नको, यावर एकमत.

---

सहाशे_बीआरएम

दोन आठवडे मान्य. पण दोन पेरूंतही तेवढं मिळतं.

---

पहाटे_पाच

खूप उपयोग झाला. तीन गोष्टी राहिल्या. केसांसाठी बायोटिन १० मिग्रॅ चालू आहे, त्याने काही अडतं का? गटातले काही जण शर्यतीच्या आठवड्यात मल्टिव्हिटॅमिनची ड्रिप लावून घेतात, ती कितपत बरी? आणि पळणं वाढल्यापासून दमणूक आहे. ती लोहाचीच म्हणायची का? दिवसाचं खाणं मोजलं तर १७०० कॅलरी भरतं. चरबी २४ टक्के.

---

नमुना_नळी

बायोटिन आधी थांबवा, मग रक्त द्या. दिवसाची गरज ४० मायक्रोग्रॅम आहे. १० मिग्रॅ म्हणजे तिच्या अडीचशे पट. अनेक प्रयोगशाळांची यंत्रं तपासणीतच बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनची (एकमेकांना घट्ट चिकटणारी) जोडी वापरतात. रक्तात बायोटिन तुडुंब असेल तर एका पद्धतीच्या तपासण्या खोट्या कमी येतात (फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच), दुसऱ्या पद्धतीच्या खोट्या जास्त (डी, बी१२). म्हणजे नसलेली लोहाची कमतरता दिसणार आणि असलेली बी१२ ची लपणार. ३ दिवस बंद ठेवा, आणि नमुना देताना काउंटरवर सांगा. मल्टिव्हिटॅमिनमधल्या ३०-४० मायक्रोग्रॅमने असं होत नाही. बी१२ ची मोठी गोळी सुरू करायची असेल तर तीही रक्त दिल्यावरच; सुरू केली की आकडा लगेच चढतो आणि आधी काय होतं ते कळत नाही.

ड्रिप: नको. बी आणि सी जादा झालं की लघवीवाटे जातं, एवढ्यासाठी शिरेत सुई घालून जंतुसंसर्गाचा धोका का घ्यायचा? शिवाय नियम. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीनुसार १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेवाटे घेणं ही बंदी असलेली पद्धत आहे; रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया, निदानाच्या तपासण्या एवढेच अपवाद. आत साधं सलाइन असलं तरी. हौशी धावपटूचीही चाचणी होऊ शकते.

याच संदर्भात: साधी औषधी मल्टिव्हिटॅमिन त्यातल्या त्यात सुरक्षित. ‘परफॉर्मन्स’, ‘टेस्टो’, ‘फॅट बर्न’ असं काही डब्यावर असेल तर लांब राहा. कोलोनच्या प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये १३ देशांतली ६३४ पूरकं तपासली, त्यांतल्या ९४ मध्ये लेबलावर नसलेली संप्रेरकं निघाली. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ची (बंदी असलेल्या पदार्थांसाठी पूरकं तपासणारी योजना) खूण असलेला डबा घेतला तर नुसती खूण पाहू नका, बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर जुळवा आणि डब्याचा फोटो काढून ठेवा. दोषी पदार्थ कुठून आला याचा खुलासा खेळाडूलाच करावा लागतो.

---

ताटातलं_आधी

दमणुकीचं उत्तर तुमच्या १७०० मध्ये असू शकतं. हिशेब मांडते.

५४ किलो, चरबी २४ टक्के, म्हणजे चरबी वगळून ४१ किलो. सपाट पळण्याला किलोमागे किलोमीटरला साधारण १ कॅलरी. आठवड्याचे ७० किमी म्हणजे दिवसाला १०, खर्च ५४०. १७०० मधून ५४० गेले, उरले ११६०. भागिले ४१: चरबी वगळलेल्या दर किलोमागे २८. ही उपलब्ध ऊर्जा ४५ च्या आसपास हवी. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिलं की शरीर कपात सुरू करतं: पाळी लांबते किंवा थांबते, हाडं विरळ होतात, सर्दी सारखी होते, हेप्सिडिनही वाढू शकतं, म्हणजे लोहाची गोळी घेऊनही अंगी लागत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ऊर्जा शून्य. पाळीत फरक पडला असेल तर हे स्त्रीरोगतज्ज्ञांना नक्की सांगा.

४५ ला पोचायला दिवसाला सुमारे २३८५ कॅलरी लागतात, म्हणजे जवळपास ७०० ची तूट. एका जेवणात कोंबू नका. पळायच्या आधी केळं (१००). अकराच्या सुमारास कपभर सायीचं दूध (१६५) आणि मूठभर, ३० ग्रॅम, शेंगदाणे (१७०). दुपारी एक जादा ज्वारीची भाकरी (१७०), वर चमचाभर तूप (४५). साडेसहाशे झाले. संध्याकाळी मोड आलेल्या मटकीची एक वाटी उसळ घ्या. मोड आल्याने फायटेट कमी होतं, लोह आणि जस्त जास्त शोषलं जातं. भाकरी आठवड्यातून दोनदा नाचणीची केली तर कॅल्शियमही सुधारतं, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास असतं.

उपासाच्या दिवशी लांब पल्ला ठेवू नका, एवढं मात्र ऐका.

---

पहाटे_पाच

ठरवलं ते असं: बायोटिन आजपासून बंद. शनिवारी विश्रांती, रविवारी पळणं न ठेवता सकाळी रक्त. फेरिटिन कमी आलं तर डॉक्टरांना विचारून लोह सोम-बुध-शुक्र-रवि, पळून आल्यावर लिंबूपाण्याबरोबर. मल्टिव्हिटॅमिन दुपारच्या जेवणात, एकच. काही चुकतंय?

---

फेरिटिन_३५

रविवार काढा. रवि-सोम लागोपाठ येतात, आणि लांब पल्ल्यानंतर पोट आधीच नाजूक असतं, त्यावर १०० मिग्रॅ लोह नको. सोम-बुध-शुक्र पुरेसे. ८ ते १२ आठवड्यांनी फेरिटिन पुन्हा, याच प्रयोगशाळेत, याच पद्धतीने विश्रांतीनंतर. आकडा चढला की डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या, वर्षानुवर्षं चालू ठेवू नका. जानेवारी जवळ आहे, तेव्हा रक्त याच आठवड्यात.

आणि लोह सुरू झाल्यावर शौच काळपट-हिरवी होईल, घाबरू नका. डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी झाली तर मात्र ते लोह नव्हे, रक्त असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.